किल्ली कोणाची, खोली कोणती? बाहेरच्या सेवादात्यांच्या प्रवेशाचा इतिहास

३१ जुलै २०२४ रोजी राष्ट्रीय देयक महामंडळाने, म्हणजेच एनपीसीआयने, ‘सी-एज टेक्नॉलॉजीज’ या कंपनीची आपल्या देयकव्यवस्थेशी असलेली जोडणी तात्पुरती तोडली. ही कंपनी मुख्यतः सहकारी व प्रादेशिक ग्रामीण बँकांना संगणकसेवा पुरवते आणि तिच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याची शक्यता दिसली होती. सुमारे ३०० लहान बँकांच्या खातेदारांचे यूपीआय व एटीएमचे व्यवहार थांबले. १ ऑगस्टला जोडणी पूर्ववत झाली. खातेदारांच्या बँका निर्दोष होत्या, तरी त्यांचे व्यवहार अडले. कारण अनेक बँकांची ये-जा सेवादात्याच्या एकाच दारातून होत होती.

बाहेरच्या सेवादात्याला आपल्या खासगी जाळ्यात किती आत येऊ द्यावे, हा प्रश्न क्लाउडच्या युगाहून जुना आहे. त्याचा भारतीय इतिहास पुणे आणि म्हैसूर यांना जोडणारा आहे.

म्हैसूरच्या विजयनगर वस्तीपासून जवळच, हेब्बाळ परिसरात, इन्फोसिसचे विस्तीर्ण प्रशिक्षण संकुल आहे. देशभरातले नवपदवीधर तेथे इतरांच्या संगणकव्यवस्था उभारण्याची व सांभाळण्याची विद्या शिकतात. ही कंपनी १९८१ साली पुण्यात स्थापन झाली. तिचे एक संस्थापक नारायण मूर्ती म्हैसूरच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंजिनीअरिंगचे विद्यार्थी. त्या काळी परदेशी ग्राहकाचे काम करायचे, तर बहुधा अभियंत्यालाच विमानाने त्याच्या संगणकापर्यंत जावे लागे. त्यामुळे प्रवेशाला आपोआप मर्यादा पडे. माणूस मायदेशी परतला की प्रवेशही संपे.

पुढे माणसाची जागा तारेने घेतली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ साली बंगळुरूत केंद्र काढले आणि ते उपग्रहाद्वारे परदेशातील आपल्या संगणकांशी जोडले. १९९१ साली ‘सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या केंद्रांत पुणे होते. अभियंता पुण्यात बसून अमेरिकेतील संगणकावर काम करू लागला. अंतर मिटले, पण नवी अडचण आली: एक काम संपले तरी तार जोडलेलीच राही, आणि तिच्यावरून कामापुरत्या यंत्राबरोबर शेजारच्या यंत्रांपर्यंतही पोहोचता येई.

यावरचे तत्त्व आधीच मांडले गेले होते. जेरोम सॉल्टझर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ सालच्या निबंधात सांगितले की, प्रत्येक प्रोग्रामला आणि प्रत्येक वापरकर्त्याला त्याच्या कामापुरतेच किमान अधिकार असावेत. हे तत्त्व दुर्लक्षिल्याची किंमत २०१३ साली अमेरिकेतील ‘टार्गेट’ या दुकानसाखळीने मोजली. शीतकरण यंत्रणेचे काम करणाऱ्या एका कंत्राटदाराची प्रवेश-ओळख चोरून हल्लेखोर आत शिरले आणि सुमारे ४ कोटी कार्डांचा तपशील त्यांच्या हाती लागला. बिले व कंत्राटाच्या कामासाठी दिलेल्या प्रवेशातून गल्ल्यापर्यंत वाट निघाली.

दरम्यान संगणक क्लाउडमध्ये जाऊ लागले होते. ॲमेझॉनने २००९ साली क्लाउडमधील स्वतंत्र खासगी जाळ्याची सोय आणली. २०१५ साली मायक्रोसॉफ्टने पुणे, मुंबई व चेन्नई येथे, तर २०१६ साली ॲमेझॉनने मुंबईत क्लाउड केंद्रे सुरू केली. आता ग्राहकाचे जाळे आणि सेवादात्याचे जाळे एकाच क्लाउडमध्ये शेजारी नांदू लागले.

ही दोन जाळी सरसकट जोडली, तर दोन अडचणी येतात. खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले पत्ते सगळेच वापरतात; त्यामुळे दोन्हीकडे तोच पत्ता निघू शकतो. शिवाय मुद्दाम अडवले नाही, तर एका बाजूची घुसखोरी दुसरीकडे पसरू शकते. यावर उपाय म्हणून २०१७ साली ॲमेझॉनने ‘प्रायव्हेटलिंक’ ही सोय सेवादात्यांना खुली केली; मायक्रोसॉफ्टनेही पुढे तशीच सोय दिली. तिची रचना बँकेतल्या खिडकीसारखी असते. ग्राहकाच्या जाळ्यात सेवादात्याचा फक्त एक खासगी पत्ता उघडतो. त्यातून एकच सेवा मिळते, माहिती सार्वजनिक इंटरनेटवर जात नाही आणि संभाषणाची सुरुवात केवळ ग्राहक करू शकतो. सेवादात्याला त्या खिडकीतून उलट आत शिरता येत नाही.

दुरुस्तीसाठी सेवादात्याने आत यावेच लागले, तर कायमचा पासवर्ड न देता ठरावीक भूमिकेची, काही मिनिटांत वा तासांत आपोआप संपणारी ओळख देता येते. १९८१ सालच्या अभियंत्याच्या परतीच्या तिकिटाने जे साधले जाई, ते आता नियमात लिहून ठेवावे लागते.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ मध्ये संगणकसेवा बाहेरून घेण्याविषयी निर्देश काढले. ते १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले. सेवादात्याच्या माणसांना आवश्यकतेपुरताच प्रवेश द्यावा, असा त्यांचा आग्रह होता. मात्र नागरी सहकारी बँकांपैकी पहिल्या दोन स्तरांतील लहान बँका या निर्देशांतून वगळल्या गेल्या. स्वतःचा संगणक विभाग चालवणे ज्यांना परवडत नाही, बाहेरच्या सेवादात्यावर ज्यांचा भार सर्वाधिक, त्यांनाच ही शिस्त बंधनकारक झाली नाही.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या एखाद्या संस्थेची जाळी आखण्याची जबाबदारी तुमच्यावर आली, तर बाहेरच्या प्रत्येक जोडणीला चार प्रश्न विचारा: कोण येणार, कोणत्या कामासाठी, कोणत्या यंत्रापर्यंत आणि किती वेळ? सेवादाता कितीही विश्वासू असला, तरी ही उत्तरे लेखी हवीत. शिवाय त्याची एक जोडणी तोडली, तर बाकीचे व्यवहार चालू राहतील ना, हे आधीच तपासून पाहा. जुलै २०२४ मध्ये शेकडो बँकांच्या खातेदारांना ज्याची झळ बसली, ते याच पाचव्या प्रश्नाचे उत्तर होते.