विजेची गिटार आणि बिनशब्दांचें गाणें

ग्रामोफोनच्या तबकडीवर नांव कोणाचें छापावयाचें, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. १९४९ सालच्या ‘महल’ या बोलपटांतील सुप्रसिद्ध गीताच्या तबकडीवर प्रथम लता मंगेशकरांचें नांव नव्हतें. पडद्यावरील पात्राचें ‘कामिनी’ हें नांव होतें. जेथें गायिकेची ही कथा, तेथें मागें बसून व्हायोलिन वा गिटार वाजविणाराची दखल कोण घेणार?

मुंबईच्या चित्रपटांतील या वादकांत ख्रिस्ती मंडळींचा भरणा मोठा होता. गोमंतकांतील चर्चच्या शाळांतून मुलांस पाश्चात्य स्वरलिपि शिकवीत. त्या विद्येच्या जोरावर पुष्कळ जण मुंबईस आले. गिरगांवाशेजारीं धोबीतलावांत ‘कूड’ म्हणून ओळखलीं जाणारीं त्यांचीं गांववार वसतिगृहें होतीं. दादरचा रणजित स्टुडिओ, १९४२ सालीं व्ही. शांताराम यांनीं परळला उभारलेलें राजकमल कलामंदिर, अशा ठिकाणीं बोलपट तयार होत, आणि संगीतकाराची चाल कागदावर उतरवून वाद्यवृंदास वांटून देण्याचें काम सेबास्टियन डिसूझा यांच्यासारखे गोमंतकीय करीत.

याच मुंबईंत व्हॅन शिप्ले आले. ते गोमंतकीय नव्हत. लखनौच्या एका मेथॉडिस्ट कुटुंबांत १९२७ सालीं त्यांचा जन्म झाला. हिंदुस्थानी संगीताची तालीम त्यांनीं घेतली होती. व्हायोलिनवर त्यांचा हात चाले, परंतु नांव झालें तें विजेच्या गिटारीनें.

ही गिटार हवाई बेटांच्या पद्धतीची. ती आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी सरकवावयाची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकु या हवाईवासी तरुणानें ही रीत रूढ केली, आणि १९३० नंतर अमेरिकेंत तिला विजेची जोड मिळाली: तारेखालीं लोहचुंबक व तांब्याच्या तारेचें वेटोळें, तार थरथरली कीं वेटोळ्यांत सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होतो व ध्वनिवर्धक तोच मोठा करून ऐकवितो. आवाज लवकर विरत नाहीं, म्हणून एका स्वरावरून दुसऱ्यावर सावकाश घसरत जातां येतें. ही तर आपली मींड! आकाशवाणीनें १९४० सालीं पेटीवर बंदी घातली, तिचें एक प्रमुख कारण पेटींतून मींड निघत नाहीं हेंच होतें. परदेशी म्हणून पेटीला दार बंद झालें, आणि तितकेंच परदेशी असें हें दुसरें वाद्य आपल्या गळ्याची नक्कल करीत घरांत शिरलें, ही मौज पाहण्यासारखी आहे. शिप्ले यांनीं तर स्वतःच्या कल्पनेनें आठ तारांची गिटार घडविली.

त्यांच्या ध्वनिमुद्रिकांत लोकप्रिय चित्रपटगीतांच्या चाली असत, शब्द मुळींच नसत. पुण्याचे इनॉक डॅनियल्स हे ॲकॉर्डियनवर त्यांचे जोडीदार. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटें मावत. लाँग प्ले तबकडी आल्यावर एका बाजूस वीस मिनिटांच्या आसपास वादन बसूं लागलें, आणि दहा-बारा चालींचा सलग संच काढणें शक्य झालें. शास्त्रीय संगीताच्या कांहीं अभिमान्यांस हा उथळ प्रकार वाटे. द्रुत लयींतल्या गाण्यांत गिटार फार गोडगोड होते, हें मलाही मान्य आहे. पण विलंबित चालींत श्रोता मनांतल्या मनांत शब्द भरूं लागतो, आणि वादकाला गायकाची जागा मिळते. १९५७ सालीं विविधभारती सुरू झाली. तिच्या दोन कार्यक्रमांमधील रिकाम्या मिनिटांत अशाच वाद्यचाली वाजत.

शिप्ले यांचें २००८ सालीं निधन झालें. त्यांच्या गिटारीच्या तबकड्यांवर त्यांचें नांव ठसठशीत आहे. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसूनही त्यांनीं वाजविलें. त्या मूळ गीतांच्या तबकड्यांवर मात्र संगीतकार आणि गायक यांचींच नांवें सांपडतात.