मनमाडचं तिकीट

फेब्रुवारी १९३८. आसगावच्या बांध्यांतलं धान कधीच घरात गेलंय, मागे लाखोरीला शेंगा धरल्यात. तू महारवाड्यातला वीस-बावीस वर्षांचा गडी. भंडारा जिल्हा अजून मध्यप्रांत-वऱ्हाडात आहे आणि तुला जायचंय मुंबई इलाख्यात, मनमाडला. मामा तिकडे रेल्वेत गँगमन आहे. तांदळाची भाकर फडक्यात बांधून तू निघतोस.

पवनी रोडला छोट्या लाइनची गाडी मिळते. भिवापूर, उमरेड करत ती नागपूरला टाकते. तिथून जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची मोठी गाडी : वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ. रात्रभर तू तिसऱ्या वर्गाच्या फळीवर अंग चोरून बसलेला. झोपेच्या वेळी नोकर येऊन बिछाना घालून देतो असेही डबे जगात आहेत, हे कुणी सांगितलं तर तू हसशील.

मनमाडला मामा घ्यायला येतो. सब्बल धरून धरून त्याचे तळवे लाकडासारखे झालेत. फलाटावर पोर्टर कंदिलाच्या काचा पुसतोय. सावलीतलं काम. तुला मोह होतो.

"मामा, हे काम नाही का भेटणार मले?"

"नाही गा. पोर्टर म्हंजे मास्तराच्या घरचाही गडी. पाणी भरा लागते, भांडे घासा लागते. आपल्या हातचं पाणी मास्तरीन घेते का?"

तेवढ्यानं प्रश्न मिटतो. सवर्ण स्टेशन मास्तराच्या घरात ज्याला पाय ठेवता येत नाही, तो पोर्टर होत नाही. वर्कशॉपात कारागिराची जागाही त्याला सहसा मिळत नाही. उरते गँग : खडी, रूळ, ऊन. गँगमन म्हणून लागायचं आणि गँगमन म्हणूनच म्हातारं व्हायचं. मुंबईच्या गिरण्यांतही हेच. विणकाम खात्यात पगार चांगला, पण धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागतो. तो धागा उष्टा होतो, म्हणून ते खातं बंद.

१२ आणि १३ तारखेला जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरते. तू मामाच्या खांद्याला खांदा लावून गर्दीत उभा आहेस. अध्यक्ष बाबासाहेब आंबेडकर. आजवर आपण अस्पृश्य म्हणून जमलो, आज कामगार म्हणून जमलो आहोत, असं ते सांगतात तेव्हा मामा मान हलवतो. कामगाराचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे ऐकून मात्र तो थबकतो. भांडवलशाहीला शिव्या देणारे पुढारी त्यानं पाहिलेत. पहिलं नाव घेणारा हाच. बाबासाहेब फोड करतात : ब्राह्मणशाही म्हणजे एका जातीची माणसं नव्हेत, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणं. हे नाकारणं कामगारांतही मुरलेलं असू शकतं. बाबासाहेब कामगारांत फूट पाडतात, या आरोपाला याहून नेमकं उत्तर मला दुसरं सापडत नाही.

आता गर्दीतून जरा बाजूला हो. तू शेवटी आजचा वाचक आहेस, तुला पलीकडचंही दिसतं. अमेरिकेत जॉर्ज पुलमनच्या शयनगाड्यांत पोर्टरचं काम जवळजवळ काळ्यांसाठीच राखून ठेवलेलं आहे. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्यांपासून पुलमननं ही भरती सुरू केली. बिछाने घाला, बूट चमकवा, हाक येईल तेव्हा हसा. हाक बहुधा 'जॉर्ज' अशीच, मालकाच्या नावानं. तिथे गोऱ्या प्रवाशाला काळ्या हातानं घातलेला बिछाना म्हणजे चैन वाटते, इथे महाराच्या हातानं भरलेलं पाणी म्हणजे विटाळ. एकाला पोर्टरपलीकडे जाऊ देत नाहीत, दुसऱ्याला पोर्टरपर्यंत येऊ देत नाहीत. मला दुसरी तऱ्हा जास्त भीषण वाटते, कारण तिच्यात माणूस नोकर म्हणूनही चालत नाही.

त्या पोर्टरांनी ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली २५ ऑगस्ट १९२५ रोजी संघटना काढली. बरोबर बारा वर्षांनी, २५ ऑगस्ट १९३७ रोजी पुलमन कंपनीनं करारावर सही केली आणि महिन्याचं काम ४०० तासांवरून २४० वर आलं. मनमाडच्या परिषदेच्या आधी सहाच महिने.

आणखी पुढे चल, १९५४. भंडारा मतदारसंघातल्या लोकसभेच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब स्वतः उभे आहेत. तुझ्या केसांत पांढरे आलेत, मत तू त्यांनाच देतोस. ते हरतात, काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून येतात. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९५५ मध्ये, अमेरिकेतल्या माँटगोमेरीत रोझा पार्क्स या काळ्या बाईंना बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी न सोडल्याबद्दल अटक होते. त्यांना जामिनावर सोडवायला जातात ई. डी. निक्सन. बसवर बहिष्कार टाकायचा, म्हणून फोनही ते फिरवतात. निक्सन यांची नोकरी? पुलमनच्या गाडीत पोर्टर.