बालआरोग्यविमा : पात्रता-मर्यादेचा वाद (सातारा व सांगली)

महाराष्ट्रात केवळ मुलांसाठी असा सरकारी आरोग्यविमा नाही. मुलाची पात्रता घराच्या पात्रतेवर, म्हणजे प्रत्यक्षात रेशनकार्डाच्या रंगावर, ठरत आली. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा सातारा-सांगलीचा त्यांत समावेश नव्हता. नोव्हेंबर 2013 मध्ये ती राज्यभर लागू झाल्यावर हे जिल्हे आले. 2017 पासून योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. पिवळे व केशरी कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मोफत मिळत. पांढरे कार्ड बाहेर राहिले.

वादाचे मूळ या पांढऱ्या-केशरी सीमारेषेत आहे. 1999 मध्ये तिरंगी कार्डे आली, ती धान्यवाटपासाठी. केशरी कार्डाला वार्षिक उत्पन्न एक लाखापर्यंत, चारचाकी नको आणि बागायत चार हेक्टरांच्या आत, असे निकष होते. पुढे जन्मजात हृदयदोष असलेल्या बाळाची शस्त्रक्रियाही याच निकषांवर तोलली गेली. महिना नऊ हजार पगाराचा कामगार कागदोपत्री मर्यादेपलीकडे जाई. एकदा मिळालेला रंग सहसा तसाच राही, मग घर सावरलेले असो की कर्जात बुडालेले.

या जिल्ह्यांची खास तक्रार वेगळी होती. मराठवाडा, अमरावती विभाग व वर्धा मिळून 14 शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना योजनेत घेतले गेले. माण, खटाव, जत, आटपाडी हे दुष्काळी तालुके मात्र उसाच्या सधन जिल्ह्यांत मोडत असल्याने बाहेर राहिले. जिल्हा हे एकक धरल्याचा हा परिणाम होता.

मर्यादेच्या बाजूने युक्तिवाद असा, की पैसा मोजका आहे, तो आधी गरिबाला मिळावा. ऐपतदारही आत आले तर खासगी विमा सोडून सारे सरकारी खर्चावर येतील. अमेरिकेत 2007 मध्ये बालविम्याच्या विस्तारावरही हाच आक्षेप होता. अध्यक्ष बुश यांनी त्या वर्षी दोनदा नकाराधिकार वापरला. विरोधकांचे म्हणणे, मोठ्या आजारापुढे मध्यम उत्पन्नही तोकडे पडते आणि मूल स्वतःचे उत्पन्न ठरवत नाही. दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे.

2018 ची आयुष्मान भारत योजना 2011 च्या सामाजिक-आर्थिक पाहणीवर बेतलेली होती, त्यामुळे काही काळ पात्रतेच्या दोन याद्या शेजारीशेजारी चालल्या. 28 जुलै 2023 च्या शासननिर्णयाने संरक्षण पाच लाखांवर नेऊन पांढऱ्या कार्डासह सर्व कुटुंबांना प्रवेश दिला. अंमल जुलै 2024 पासून झाला.

उत्पन्नाची अट गेली, तरी एक रेषा उरली. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंत मोफत तपासणी होते. तिथे उत्पन्न पाहत नाहीत, पण पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी व अनुदानित शाळांत जातात. विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळेतील मूल, त्याचे वडील शेतमजूर असले तरी, या शालेय तपासणीत येत नाही.