दंडाणूचें गोत्र

कृष्णाकांठचें वाई हें गांव घाट, देवळें आणि शास्त्राध्ययन यांसाठीं प्रसिद्ध. नारायणशास्त्री मराठे यांची प्राज्ञपाठशाळा इथलीच. तिचेच विद्यार्थी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनीं मराठी विश्वकोशाचा संसार याच गांवीं मांडला आणि १९७६ सालीं त्याचा पहिला खंड निघाला. कोशकाराची पहिली अडचण नांवांची असते. सूक्ष्मजंतूंच्या बाबतींत ती विशेष बिकट आहे, कारण ज्यांचें नांव घ्यावयाचें त्यांचें गोत्रच वारंवार बदललें आहे.

१६८३ सालीं हॉलंडांत लेवेनहूक यानें दांतांवरील किटण भिंगाखालीं पाहिलें. त्यांतले कांहीं जीव माशासारखे सुळकन् जात, कांहीं भोंवऱ्यासारखे गरगरत. म्हणजे नांवांच्या आधीं गति दिसली. पुढें १८७२ सालीं जर्मन शास्त्रज्ञ फर्डिनंड कोन यानें वाटोळे, दांड्यासारखे, नागमोडी अशा आकारांवरून त्यांच्या प्रजाती ठरविल्या. यांतला वाद केवळ पंडिती नव्हता. एका आकाराचा जंतु वाटेल तेव्हां दुसऱ्या आकाराचा होतो असें मानणारेही होते. आणि तें खरें असतें, तर अमुक रोगाला अमुक जंतु कारण, असें म्हणतांच आलें नसतें.

श्रोतेहो, आपल्या प्रांताला हा प्रश्न प्लेगनें शिकविला. १८९४ सालीं हाँगकाँगमध्यें येर्सिन यानें त्याचा जंतु शोधला. १८९६ सालीं ती सांथ मुंबईंत आली व पुढें सातारा जिल्ह्यांतही पसरली. हा जंतु आंखूड दंडाणू; रंगविला असतां दोन्ही टोकांशीं गडद दिसणारा, आणि अगदीं निश्चल. विषमज्वराचाही दंडाणूच, परंतु त्याच्या अंगभर कशाभिका म्हणजे चाबकासारखे तंतु असतात व तो पोहतो. पटकीचा जंतु स्वल्पविरामासारखा वांकडा. टोंकाच्या एकाच तंतूवर तो बाणासारखा धांवतो. तिघांची ओळख अशी पटली, तरी प्लेगचें गोत्र मिटेना. ‘बॅक्टेरियम’, ‘बॅसिलस’, ‘पाश्चुरेला’ अशीं घरें फिरून तो ‘येर्सिनिया’ प्रजातींत गेला. हें नांव १९४४ सालीं सुचविलें गेलें. हाफकीननें मात्र नांवाची वाट पाहिली नाहीं. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यानें आपली लस मुंबईंत प्रथम स्वतःलाच टोंचून घेतली होती! मराठींतला ‘दंडाणू’ हा शब्दही या स्थलांतरांत टिकला, कारण तो आकाराचा आहे, गोत्राचा नव्हे.

जनुकांच्या अभ्यासानें अलीकडे या निश्चलतेचें कारणही कळलें आहे. प्लेगचा दंडाणू ज्या जंतूपासून उत्पन्न झाला, तो ‘येर्सिनिया स्यूडोट्यूबर्क्युलोसिस’ सुमारें २५ अंश उष्णतेंत पोहतो, ३७ अंशांवर थांबतो. प्लेगचा दंडाणू कोठेंच पोहत नाहीं. कशाभिका घडविणारीं जनुकें त्याच्यांत अजून आहेत. पण त्यांना हुकूम देणारें एक जनुक बिघडलें आहे. ज्याला स्वतः तसूभर हलतां येत नाहीं, त्याला पिसवा आणि उंदीर यांनीं हाँगकाँगहून साताऱ्यापर्यंत आणलें.