वहीच्या पानावरचा धर्म

भाईंदरजवळच्या पालीहून चौकाच्या धक्क्यावर यावे, की खाडीपलीकडे वसई. तेथे १९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी सहकारी पतपेढी काढली. तिचीच पुढे बसीन कॅथलिक सहकारी बँक झाली. जर्मनीत रायफायझेन या श्रद्धाळू ग्रामप्रमुखांनी १८६४ साली हेडेसडॉर्फला हीच वाट धरली होती.

शेजाऱ्यावर प्रेम करा, हे देवळात ऐकणे सोपे आहे हो! पण सावकाराच्या व्याजात रुतलेल्या शेजाऱ्याला जामीन राहायचे, ही खरी परीक्षा. आणि नुसती दया भागत नाही. कर्ज जाते ते दुसऱ्या गरिबाच्या ठेवीतून. म्हणून ओळखीच्या माणसालाही प्रसंगी ‘नाही’ म्हणावे लागते, हिशेब चोख ठेवावा लागतो. पुढाऱ्याचा धर्म ओळखायचा तो तेथेच.