शंभर रुपयांचे घर

दिल्लीत प्रगती मैदानालगत हस्तकला संग्रहालय आहे. त्याच्या आवारातील मातीची घरे 1972 सालच्या व्यापार मेळ्यातील ग्रामीण भारताच्या प्रदर्शनासाठी उभारण्यात आली होती. मेळा उठला, घरे मागे राहिली. आमच्या मुलांनी मातीचे घर प्रथम पाहिले ते येथेच, आणि विचारले, “बाबा, यात खरोखरच माणसे राहत असत?” वर्धा जिल्ह्यातील मनुष्याने या प्रश्नाचे उत्तर काय द्यावे?

30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी वर्ध्याजवळील शेगाव या खेड्यात आले. जमीन जमनालाल बजाज यांची होती. घराविषयी गांधीजींची अट एकच होती : खर्च शंभर रुपयांच्या वर जाता कामा नये, आणि सामान व मजूर त्याच पंचक्रोशीतील असावेत. देखरेख मीराबेनकडे होती. इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची ही कन्या विदर्भातील भर उन्हाळ्यात मातीकामावर उभी राहिली. पावसाळ्याच्या तोंडाशी, जूनच्या मध्यास, गांधीजी ‘आदि निवासा’त राहावयास आले. एकाच खोलीत कस्तुरबा, प्यारेलाल आणि येणारे-जाणारे पाहुणे! त्याच वर्षी तुकडोजी महाराजही तेथे महिनाभर राहिले होते. आज ‘बापू कुटी’ म्हणून जी दाखवितात ती मूळची मीराबेनची. तिच्या भिंतीवर त्यांनी मातीनेच उठावात काढलेली ताडाची झाडे व चरखा आजही पाहावयास मिळतात. संतनगरी शेगावशी नामसाधर्म्यामुळे टपालाचा घोटाळा होई, म्हणून 1940 साली गावाचे नाव सेवाग्राम झाले. 1978 च्या जानेवारीत विचारवंत इव्हान इलिच या कुटीत बसून गेले आणि तिच्याविषयी त्यांनी तेथेच व्याख्यान दिले.

आम्हांस मात्र कुटीत शिरताच प्रथम आठवतो तो वास. ओल्या शेणामातीचा.

आमच्या आजीचे घर याच मातीचे होते. आमच्याकडील काळी माती कपाशीची. भिंतीस ती कुचकामी, कारण पावसात फुगते व उन्हात तडकते. त्यासाठी पांढरी माती लागे, जुन्या गावठाणातील. तीत कुटार घालून, पाणी सोडून, चार-आठ दिवस मुरवीत आणि मग पायांनी तुडवीत. मागील खोलीस तुराट्यांचा कूड होता, वर कवेलू. दर पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरावे लागत, दर सणास भिंती पोताराव्या लागत. शंभर रुपयांच्या हिशेबात हे श्रम कोणीच धरीत नाही. ते बहुतांशी बायकांचे असत.

मातीच्या घराची आठवण निघाली की आम्हीही हळवे होतो. म्हणूनच एक गोष्ट येथे नमूद करणे कर्तव्य समजतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री मंडळी थकून निजली असता, किल्लारीस भूकंप झाला व हजारो माणसे गाडली गेली. तेथील भिंती मातीत रचलेल्या दगडगोट्यांच्या, छतावर मातीचा जाड थर. जो थर उन्हापासून राखीत होता तोच अंगावर आला. दोष मातीचा नव्हे. भाराचा, आणि दगडांना एकमेकांशी बांधून न ठेवण्याचा. कुडाची हलकी भिंत डोलते. गोट्यांची भिंत कोसळते. बांधणाराने हा भेद जाणलाच पाहिजे.

आता निवृत्ती दोन वर्षांवर आली आहे. सरकारी निवासस्थानाची किल्ली परत करून गाझियाबादेस सातव्या मजल्यावर जावयाचे आहे. त्या घराच्या एकाही विटेस आमचा हात लागलेला नाही. मुलीने मध्यंतरी विचारले, आजीचे घर आपण पुन्हा का बांधीत नाही?

आजी वारली तेव्हा आम्ही दिल्लीतच होतो. घरास कुलूप लावले, किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवली. प्रत्येक उन्हाळ्यात जाण्याचे ठरे, रजा मंजूर होत नसे. कवेलू फेरले गेले नाहीत. चौथ्या पावसाळ्यात मागील भिंत बसली, मग आढे. आता तेथे पांढऱ्या मातीचा उंचवटा आहे. दिवाळीपूर्वी गल्लीतील बाया टोपल्या घेऊन येतात व आपली घरे पोतारण्यास तेथून माती नेतात. काकूंनी विचारून घेतले होते. आम्ही हो म्हटले.