काळी-पिवळीच्या आतला रंग

धामणगाव बढेसारख्या गावांच्या वाटेवरची प्रवासी जीप असो की मुंबईची फियाट, काळी-पिवळीचा बाहेरचा रंग नियमाने बांधलेला. चालकाची हौस उरे ती आत. ही फियाट म्हणजे पद्मिनी; वालचंद हिराचंद यांनी स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही कुर्ल्यात बनणारी गाडी टॅक्सी म्हणून दशकानुदशके धावली, आणि तिचा आतला रंग स्वस्तात बदलला तो प्रामुख्याने कुशनवाल्याने, पेंटरने नव्हे. कारण साधे आहे. सीट दर बसण्याला वाकते, त्यावर मारलेला ऑइलपेंट तडकतो आणि प्रवाशाच्या कपड्यांना लागतो. रेक्झीन मात्र उसवून पुन्हा शिवता येते.

स्प्रेचा डबा त्याहून स्वस्त, असे कोणी म्हणेल. दाराच्या पत्र्यापुरते ते खरेच; घासून, प्रायमर लावून केलेले काम तिथे टिकते. सीटवर मात्र तीच बचत महागात पडते. ही रेक्झीनची शिवण केवळ गरिबीची ठिगळे होती, हा आक्षेप त्याहून कच्चा: २०१५ साली ‘टॅक्सी फॅब्रिक’ या उपक्रमाने चित्रकारांची कापडे टॅक्सींच्या सीटांवर आणि छतांना चढवली, तेव्हा रीत तीच जुनी होती, फक्त कौतुक नवे. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी मात्र वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली.